विजेवरचा कुकर : खर्च किती, उपयोग किती?

पनवेल शहर सोडून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने पळस्पे फाटा ओलांडला की कोन गाव लागते. एकेकाळच्या भातशेतीच्या या परिसरात आता उंच निवासी संकुले उभी आहेत. २०१६ साली म्हाडाने गिरणी कामगारांसाठी ज्या २,४१७ घरांची सोडत काढली, तीही याच कोनची. मुंबईत दोन खोल्यांच्या किमतीत येथे ऐसपैस घर मिळते, म्हणून आपल्या समाजातील अनेक कुटुंबांनी गेल्या काही वर्षांत येथे आणि आसपास बिऱ्हाड हलविले. घर मोठे झाले, पण अंतर वाढले. पनवेलहून हार्बर मार्गाने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस गाठण्यास सुमारे एक तास वीस मिनिटे लागतात. त्यात स्थानकापर्यंतची रिक्षा वेगळी. मुलगा आणि सून दोघेही नोकरीस जात असतील, तर सकाळी आठपासून सायंकाळी साडेसात-आठपर्यंत घरी असतात ते फक्त आजी-आजोबा आणि दुपारनंतर शाळेतून परतलेली नातवंडे. ज्यांची पनवेलच्या बाजारपेठेत दुकाने आहेत, त्यांच्याकडे अडचण निराळी. दुकान रात्री नऊपर्यंत उघडे, आणि जेवणाचा डबा मात्र पाच-साडेपाचला पोहोचला पाहिजे.

अशा घरांतून हल्ली एक प्रश्न वारंवार विचारला जातो : विजेवर चालणारा प्रेशर कुकर घ्यावा का? जाहिराती म्हणतात की गॅस वाचतो, वेळ वाचतो आणि एका बटणावर स्वयंपाक होतो. वरकरणी हा पाच-सात हजार रुपयांच्या वस्तूचा प्रश्न आहे. परंतु त्यामागे दुसरा, मोठा प्रश्न उभा आहे. सूर्यास्तापूर्वीचे जेवण घरात कोणी आणि कसे करायचे? हा प्रश्न सुटला नाही, तर चौविहार प्रथम मुलांचा सुटतो, मग दुकानदाराचा, आणि शेवटी “सर्वांबरोबरच जेवू” असे म्हणत ज्येष्ठांचाही सुटतो. म्हणून या वस्तूचा विचार जाहिरातीवरून न करता, खतावणीत जमा-खर्च मांडावा तसा करणे उचित ठरेल.

हे यंत्र नेमके काय करते?

प्रेशर कुकरचे तत्त्व जुने आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ डेनिस पापँ याने १६७९ साली लंडनमध्ये वाफ कोंडून शिजविणारे भांडे तयार केले. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांपुढे तापत नाही. वाफ कोंडली की ते त्याहून अधिक तापते आणि डाळ लवकर शिजते. आपल्याकडे १९५०च्या दशकाच्या अखेरीस हॉकिन्स, प्रेस्टीज यांसारखी नावे पुढे आली आणि पुढच्या पिढीत कुकर घरोघरी पोहोचला. मराठी घरात “कुकर लावला का?” या प्रश्नाचा अर्थच वरण-भात झाला का, असा होऊन बसला.

त्याही आधी, १९१० साली, कोलकात्याचे डॉक्टर इंदुमाधव मलिक यांनी ‘इकमिक कुकर’ तयार केला होता. एकावर एक डबे, खाली कोळसा, आणि बाहेरून बंद नळकांडे. डाळ, तांदूळ, भाजी लावून माणूस कामाला जाई व परतल्यावर जेवण तयार असे. ‘लावा आणि निघून जा’ ही कल्पना आजची नाही, हे येथे लक्षात येते. नोकरीसाठी शहरात एकटे राहणाऱ्यांची तीच गरज होती, जी आज आपल्या वृद्धांची आहे.

विजेवरच्या कुकरमध्ये तळाशी तापणारी तबकडी असते, आत निघणारे भांडे असते आणि वर रबराची रिंग बसविलेले फिरवून बंद होणारे झाकण असते. ठराविक दाब आला की यंत्र वीज आपोआप कमी-अधिक करून तो दाब टिकवते, ठरविलेली मिनिटे मोजते आणि नंतर स्वतः थांबते. त्यामुळे शिट्टी होत नाही, वाफ वाया जात नाही, आणि शिट्ट्या मोजत ओट्यापाशी उभे राहावे लागत नाही.

एक फरक मात्र विक्रेते सहसा सांगत नाहीत. आपल्या नेहमीच्या शिट्टीच्या कुकरमध्ये दाब साधारणतः प्रति चौरस सेंटिमीटर एक किलो असतो आणि आतील तापमान १२० अंशांच्या आसपास जाते. विजेवरच्या बहुतेक कुकरांत दाब याहून कमी राखलेला असतो व तापमान ११५ अंशांच्या आसपास राहते. पाच अंश हा फरक किरकोळ वाटेल, पण डाळ शिजण्याचा वेळ त्याने लक्षणीय वाढतो.

इंधनाचा हिशेब

आता आकड्यांकडे वळू. सिलिंडरची किंमत आणि विजेचा दर बदलत राहतात, म्हणून हिशेबापुरता १४.२ किलोचा सिलिंडर ९०० रुपयांचा धरू आणि वीज सर्व आकार मिळून १२ रुपये युनिट धरू. वाचकांनी आपापल्या बिलावरील आकडे घालावेत; पद्धत तीच राहील.

एक किलो गॅसमध्ये सुमारे पावणेतेरा युनिट विजेइतकी उष्णता असते. म्हणजे एका सिलिंडरमध्ये १८० युनिटांच्या आसपास. परंतु शेगडीवर जळालेली सारी उष्णता भांड्यात जात नाही. आयएसआय मानकाप्रमाणे शेगडीची कार्यक्षमता किमान ६८ टक्के असावी लागते. घरात वारा, काजळलेले बर्नर आणि भांड्याबाहेर जाणारी ज्योत हे सर्व धरून ६० टक्के मानणे सुरक्षित. तेव्हा उपयोगी पडणारी उष्णता १०८ युनिट, आणि तिचा दर युनिटमागे सुमारे सव्वाआठ रुपये. विजेच्या कुकरमध्ये ८५ टक्के उष्णता अन्नाला मिळते असे धरले, तर उपयोगी उष्णतेचा दर १४ रुपये पडतो.

चार माणसांच्या तूरडाळीला विजेवर साधारण पाव युनिट लागते, म्हणजे तीन रुपये. तीच डाळ गॅसवरच्या प्रेशर कुकरमध्ये ३० ग्रॅमच्या आसपास गॅसवर होते, म्हणजे जेमतेम दोन रुपये. “गॅस वाचतो” हे विधान शब्दशः खरे आहे. पैसा मात्र वाचत नाही. उघड्या पातेल्याशी तुलना केली तर विजेचा कुकर निश्चित काटकसरीचा दिसेल. परंतु आपल्या घरी तुलना उघड्या पातेल्याशी नाही, ओट्यावर आधीपासून असलेल्या शिट्टीच्या कुकरशी आहे.

ज्या घराचा मासिक वापर १०० युनिटांच्या आत आहे, त्याला वीज बरीच स्वस्त पडते आणि हा फरक जवळजवळ नाहीसा होतो. ज्या घरी वातानुकूलन यंत्र चालते आणि वापर ३०० युनिटांच्या वर जातो, तेथे फरक वाढतो. महावितरणने टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना २०२५ पासून सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर सवलत देण्यास आरंभ केला आहे. चौविहाराचा स्वयंपाक बहुधा याच वेळेत होतो हा योग सुखद आहे, पण पाव युनिटावर ती सवलत काही पैशांचीच. स्वतःच्या छतावर सौर पॅनेल बसविलेल्या बंगल्यांचा हिशेब वेगळा. त्यांनी तो अवश्य मांडावा.

आता पूर्ण खर्च पाहू. यंत्र ७,००० रुपयांचे आणि आयुष्य सात वर्षे धरले, तर घसारा वर्षाला १,००० रुपये. रबर रिंग व किरकोळ दुरुस्ती ३०० रुपये. दिवसातून दोनदा वापर केला, तर वर्षात ७३० वेळा, दर वेळी एक रुपया दहा पैसे जादा इंधनखर्च, म्हणजे सुमारे ८०० रुपये. एकूण २,१०० रुपये. दिवसाला पावणेसहा रुपये. मात्र हेच यंत्र केवळ रविवारी बाहेर निघाले, तर घसारा आणि दुरुस्तीच ५२ वेळांत विभागली जाऊन दर वेळेचा खर्च २५ रुपयांवर जातो. बँकेत यंत्रसामग्रीच्या कर्जाचा अर्ज आला की आम्ही पहिला प्रश्न किमतीचा विचारत नसू. ते यंत्र दिवसातले किती तास चालणार, हे विचारत असू. स्वयंपाकघरालाही तोच प्रश्न लागू आहे.

वेळ वाचतो का?

येथेही नीट पाहावे. विजेच्या कुकरला दाब येण्यास दहा-बारा मिनिटे, तूरडाळ शिजण्यास तितकीच, आणि वाफ आपोआप उतरण्यास दहा-पंधरा मिनिटे लागतात. एकूण ३० ते ४० मिनिटे. शेगडीवर हेच काम २५ मिनिटांत होते. बटणाखाली लिहिलेली ‘१० मिनिटे’ ही केवळ शिजण्याची असतात, हे ध्यानात घेऊनच सूर्यास्ताचा हिशेब करावा.

मग वाचते काय? वाचते ती निगराणी. शेगडीवरच्या कुकरपाशी माणूस गुंतलेला असतो. तिसरी शिट्टी झाली की ज्योत बारीक करणे, वेळेवर बंद करणे, दूध उतू जात नाही ना हे पाहणे. तरुण आणि चपळ हाताला यात काही विशेष वाटत नाही. पंचाहत्तरीच्या आजींना, ज्यांना शिट्टी नीट ऐकू येत नाही किंवा गॅस बंद केला की नाही हे आठवत नाही, त्यांना ही निगराणी भार होते. आणि कामावर गेलेल्या सुनेला दुपारभर त्याची धास्ती लागून राहते. दिवसाचे पावणेसहा रुपये आपण मोजतो ते या निगराणीसाठी. ती ज्या घरात दुर्मिळ आहे तेथे हा दर स्वस्त आहे. जेथे दोन-तीन माणसे स्वयंपाकघरात असतात तेथे तो निव्वळ जादा खर्च आहे.

सूर्यास्ताचे वेळापत्रक

पनवेलच्या परिसरात जुलैच्या आरंभी सूर्य सायंकाळी सव्वासातनंतर मावळतो. नोव्हेंबरच्या अखेरीस तो सहाच्या सुमारासच अस्ताला जातो. म्हणजे वर्षभरात सव्वा तासाहून अधिक फरक पडतो. उन्हाळ्यात चौविहार पाळणारे घर कार्तिक-मार्गशीर्षात अडखळते, त्याचे कारण बहुधा श्रद्धेत नसून घड्याळात असते. नोव्हेंबरअखेर जेवण पावणेसहाला आटोपायचे, तर ताट सव्वापाचला वाढावे लागते आणि कुकर साडेचारला लागावा लागतो. ही वेळ नेमकी कोणीही कमावते माणूस घरी नसण्याची आहे.

यावर एक साधी व्यवस्था उपयोगी पडते. सकाळी सुनेने डाळ व तांदूळ निवडून, मोजून, कोरडेच वेगवेगळ्या डब्यांत काढून ठेवावेत. पाण्याच्या मापाची खूण तांब्यावर करावी. यंत्रावर दहा-बारा बटणे असतात आणि सारी इंग्रजीत. त्यांपैकी जे लागते त्यावर एक लाल टिकली चिकटवावी. साडेचारला सासूबाईंनी धान्य धुऊन, गाळलेले पाणी घालून, झाकण फिरवून टिकलीचे बटण दाबावे. त्यानंतरची पस्तीस मिनिटे त्या जपमाळ घेऊ शकतात, नातवाचा अभ्यास घेऊ शकतात. (सामायिकात बसण्यापूर्वी यंत्र बंद झालेले असावे, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.) पोळ्या किंवा भाकरी सकाळच्याच असतील, तर त्याच दिवशी सूर्यास्तापूर्वी त्या संपविण्यास अडचण नाही. ताज्या पोळ्या हव्या असतील तर मात्र शेगडी पेटवावीच लागेल. हे यंत्र पोळी भाजत नाही.

आपल्या स्वयंपाकातील नियम आणि हे यंत्र

सोबत मिळणारी पाककृतींची पुस्तिका आपल्यासाठी लिहिलेली नसते. कांदा, लसूण, बटाटा, आले वगळल्यावर तिच्यात फारसे उरत नाही. पण तूर, मूग, मसूर, चणे, भात, खिचडी, लापशी, दुधी, टिंडा, कोबी हे सारे यंत्रात उत्तम होते. हिंग, जिरे, मोहरीची फोडणीही त्याच भांड्यात देता येते. तेल तापण्यास शेगडीहून थोडा अधिक वेळ लागतो एवढेच. पर्युषणात आणि तिथीच्या दिवशी हिरवी भाजी वर्ज्य असल्याने कडधान्यांचा वापर वाढतो. त्या दिवसांत हे यंत्र सर्वाधिक राबते.

काही ठिकाणी मात्र यंत्राची सोय आणि आपला आचार यांचे जुळत नाही.

पहिले, रात्रीचे टायमर. रात्री धान्य भिजत घालून पहाटे यंत्र आपोआप सुरू करण्याची सोय जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असते. सूर्योदयापूर्वी चूल न पेटविण्याची रीत ज्या घरांत आहे, तेथे ही सोय निरुपयोगी आहे. सकाळी आठला भिजत घालून साडेचारला सुरू होईल असे लावणेही नको. कोकणातील उकाड्यात आठ तास पाण्यात राहिलेली डाळ आंबते, आणि जीवोत्पत्तीच्या दृष्टीनेही ते योग्य नव्हे. म्हणूनच वर कोरडे धान्य काढून ठेवण्यास सांगितले.

दुसरे, अन्न गरम ठेवण्याची सोय. दुकानातून उशिरा येणाऱ्यासाठी ती मोहात पाडते. परंतु यंत्राने रात्रभर गरम ठेवलेला भात दुसऱ्या दिवशी वासीच असतो. गरम असणे आणि ताजे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काम झाले की ही सोय बंद करावी, वीजही वाचेल.

तिसरे, द्विदळ. एकाच भांड्यात सर्व घालून झाकण लावण्याची सवय लागली की ताक आणि बेसन थंडच एकत्र केले जाते. कढी करताना ताक आधी स्वतंत्रपणे नीट गरम करावे, मग बेसन मिसळावे, ही आपल्या घरांतील जुनी पद्धत यंत्र आले म्हणून सोडू नये.

चौथे, आयंबिल. चैत्र आणि आश्विनातील ओळीत नऊ दिवस तेल-तुपाविना डाळी शिजतात. फेस दाबण्यासाठी एरवी आपण थेंबभर तेल घालतो, ते येथे चालत नाही. फेस वर येऊन वाफेची वाट बुजण्याचा धोका असतो. म्हणून डाळ व पाणी मिळून भांडे निम्म्याच्या वर भरू नये, आणि शिजल्यावर वाफ एकदम न सोडता आपोआप उतरू द्यावी.

पाचवे, पक्के पाणी. तीन उकाळे आल्याचे डोळ्यांनी पाहावे लागते. बंद झाकणाखाली ते दिसत नाहीत. हे काम पातेल्यातच करावे.

सहावी गोष्ट स्वच्छतेची आहे. शेगडी पुंजून घेण्याची सवय आपल्या घरांत आहे. या यंत्रात झाकणाची रबर रिंग, वाफेची नळी आणि मागे लावलेला पाणी जमण्याचा छोटा कप या तीन जागी ओल राहते. पावसाळ्यात कोन-पनवेलच्या दमट हवेत दोन दिवस दुर्लक्ष झाले की तेथे लील-फुलण धरते. रिंग रोज काढून धुवावी, पुसून सुकवावी; कप रिकामा करून कोरडा ठेवावा; झाकण घट्ट लावून न ठेवता उलटे ठेवावे. जे घर ही पाच मिनिटे रोज देऊ शकत नाही, त्याने यंत्र न घेतलेले बरे. निगराणी यंत्रावर सोपविता येते, जयणा सोपविता येत नाही.

विजेची ऊर्जा सचित्त की अचित्त, यावर आपल्या पंथांमध्ये भिन्न मते आहेत आणि त्याचा निर्णय या लेखाच्या आवाक्यातील नाही. आपापल्या गुरुमहाराजांचे मार्गदर्शन घ्यावे. गृहस्थापुरते एवढे दिसते की उघडी ज्योत नसल्याने पावसाळी संध्याकाळी तिच्याकडे झेपावणारे कीटक वाचतात, आणि झाकण बंद असल्याने अन्नात काही पडत नाही.

सुरक्षितता आणि खरेदी

ज्येष्ठांच्या हाती यंत्र द्यायचे तर काही बाबी आधीच पाहाव्यात. पाच-सहा लिटरच्या यंत्राला साधारण १,००० वॅट वीज लागते. अर्थिंग नीट असलेल्या मोठ्या सॉकेटवरच ते लावावे. एक्स्टेंशन वायरवर नको. ओट्यावरील वरच्या कपाटाखाली यंत्र ठेवून वाफ सोडू नये. लाकूड फुगते आणि वाफ परत तोंडावर येते. वाफ सोडताना बोट न लावता लांब दांड्याचा लाकडी चमचा वापरावा. आत दाब असेपर्यंत झाकण उघडत नाही, ही व्यवस्था मुद्दाम केलेली आहे; झाकण अडले म्हणून जोर करू नये. राजमा करायचा असेल, तर तो भिजवून, ते पाणी टाकून, दाबाखालीच शिजवावा. मंद आचेच्या कार्यक्रमावर तो पुरेसा तापत नाही आणि त्यातील विषारी घटक नष्ट होत नाही.

वीज खंडित झाल्यास काय होते, हे दुकानातच विचारावे. काही यंत्रे वीज आल्यावर राहिलेले काम पुढे चालू करतात, काही पुन्हा बटण दाबण्याची वाट पाहतात. दुसरा प्रकार असेल, तर आजींना ते समजावून सांगितले पाहिजे. अन्यथा सव्वापाचला झाकण उघडल्यावर कच्ची डाळ दिसेल. याच कारणासाठी जुना शिट्टीचा कुकर मोडीत काढू नये.

आकाराबाबतही विचार करावा. आपल्याला वरण आणि भात एकदम हवा असतो. यंत्राच्या आतील भांड्याचा व्यास व उंची मोजून, घरातील कुकरचे डबे त्यात एकावर एक बसतात का, हे पाहून घ्यावे. दोघांच्या घरास तीन लिटरचे पुरते. चार-पाच जणांना सहा लिटरचे घ्यावे. आतील भांडे शक्यतो स्टीलचे असावे. लेप दिलेल्या भांड्याला स्टीलचा डाव लागून ओरखडे पडतात आणि आपल्या घरांत लाकडी डाव वापरण्याची शिस्त क्वचितच टिकते.

सर्वांत महत्त्वाची बाब दुरुस्तीची. शिट्टीच्या कुकरची रिंग आणि वॉल्व्ह पनवेलच्या कुठल्याही भांड्याच्या दुकानात मिळतो. विजेच्या कुकरमधील सर्किट मात्र सेवा केंद्रातच बदलते. या यंत्रांना जगभर लोकप्रियता मिळवून देणारे ‘इन्स्टंट पॉट’ २०१० साली कॅनडात निघाले, आणि त्याच्या कंपनीला जून २०२३ मध्ये अमेरिकेत दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज करावा लागला. वस्तू गाजली म्हणून कंपनी टिकेलच असे नाही, हे व्यापारी वाचकांना निराळे सांगावयास नको. ज्या कंपनीचे सेवा केंद्र पनवेल किंवा नवी मुंबईत आहे आणि जिची रिंग सुटी मिळते, तिचेच यंत्र घ्यावे. शंभर-दोनशे रुपये अधिक गेले तरी चालतील.

आपल्या समाजातील अनेक बांधवांची भांड्यांची आणि विद्युत उपकरणांची दुकाने आहेत. त्यांना एक विनंती. घरगुती प्रेशर कुकरसाठी आयएसआय चिन्ह २०२१ पासून सक्तीचे झाले आहे, आणि पुढच्याच वर्षी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने चिन्ह नसलेले कुकर विकल्याबद्दल मोठ्या ऑनलाइन विक्री कंपन्यांवर दंडाची कारवाई केली. कोणताही कुकर विकताना प्रमाणचिन्ह दाखवून, पक्के बिल देऊन विकावा. “गॅसचे पैसे वाचतील” असे सांगून यंत्र खपविण्यापेक्षा, “घरी कोण असते? कुकर किती वेळा लावता?” एवढे दोन प्रश्न ग्राहकाला विचारावेत. एखादी विक्री हातची जाईल, पण दोन महिन्यांनी तक्रार घेऊन येणारे गिऱ्हाईक टळेल.

मग घ्यावा की नाही?

इंधन किंवा मिनिटे वाचविण्यासाठी घ्यायचा असेल, तर घेऊ नये. जे घर एकत्र कुटुंबाचे आहे, जेथे दुपारी दोन हात रिकामे असतात, तेथे शिट्टीचा कुकर आजही अधिक स्वस्त, अधिक वेगवान आणि दुरुस्तीस सोपा आहे. दहा-बारा माणसांच्या घरी तर सहा लिटरचे यंत्र अपुरेच पडेल.

जेथे दुपारनंतर एकटे ज्येष्ठ असतात, गॅसची धास्ती आहे, ऐकण्याची वा आठवणीची अडचण आहे, किंवा साडेपाचचा डबा दुकानात धाडणारी व्यक्ती एकटी आहे, तेथे घ्यावा. दिवसाला पावणेसहा रुपयांत सूर्यास्तापूर्वीचे गरम वरण-भात आणि कामावर गेलेल्यांची निश्चिंती मिळत असेल, तर हा खर्च सार्थकी लागला असे म्हणता येईल. तथापि, यंत्र आले म्हणून आजींवर साऱ्या घराचा स्वयंपाक सोपविला जाऊ नये. सोय त्यांच्यासाठी आहे, त्यांच्याकडून अधिक काम करून घेण्यासाठी नाही. सकाळचे निवडणे-मोजणे आणि रात्रीचे धुणे-पुसणे घरातील इतरांनी, मुलग्यासकट, वाटून घ्यावे.

निर्णयापूर्वी आठ दिवस एका वहीत तीन नोंदी ठेवाव्यात. त्या दिवशी कुकर किती वेळा लागला, त्यापाशी कोण उभे होते, आणि शेवटचे ताट सूर्यास्तापूर्वी किती मिनिटे उचलले गेले. शक्य तर हे आठ दिवस कार्तिक-मार्गशीर्षातील असावेत, म्हणजे परीक्षा खरी होईल. आठव्या दिवशी ती वही सर्वांनी मिळून पाहिली की यंत्र घ्यावे की नाही, याचे उत्तर घरच्या घरीच मिळेल.